मांजरीच्या आखूड मिशा

पत्नी गेली आणि बारामतीच्या घरात तिची मांजरी माझ्याजवळ राहिली. आई मेलेलं ते पिल्लू तिनं कापसाची वात दुधात बुडवून वाढवलं होतं. माझ्या स्वयंपाकासाठी नरसिंहपूरहून पत्नीची थोरली बहीण आली. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू.

थोड्याच दिवसांत मांजरीच्या डाव्या गालावरच्या मिशा आखूड दिसू लागल्या. हनुवटीचे केस विरळ झाले आणि खालची कातडी लाल दिसू लागली.

"दाजी, ही खरूज हाय," अक्का म्हणाल्या. "घरभर हुईल. कुणाच्या तरी हातनं नीरेपल्याड सोडा तिला."

"मिशा आपोआपही गळतात."

"एकाच गालाच्या?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला खुपला. अक्कांना मांजरी पहिल्यापासून नकोशी होती. मिशा कातरून तिला रोगट ठरवायचं आणि मग घालवायचं, असा बेत तर नसेल? पुस्तक उघडं धरून मी त्यांच्या हातांवर लक्ष ठेवू लागलो. शिवणाची कात्री उचलून माझ्या कपाटात ठेवली. त्यांनी ती शोधलीही नाही. माझा संशय वाढला. मिशा मात्र आखूड होतच होत्या.

शेवटी मांजरीला उन्हात मांडीवर घेतलं आणि भिंग लावलं. कातरलेला केस सरळ तुटलेला दिसतो. इथं टोकं वळलेली होती, प्रत्येकाला बारीक तपकिरी गाठ. हनुवटीच्या केसांत राख होती. खरजेची खपली कुठंच नव्हती.

आगपेटीच्या काड्या वाचवण्यासाठी अक्का निजताना निखारे राखेत झाकून ठेवत. पत्नीही तसंच करी, पण चुलीच्या तोंडाला घमेलं लावून. आता चूल उघडी राही; मांजरी उबेसाठी त्या राखेत डावा गाल खुपसून झोपत होती आणि मिशा होरपळत होत्या.

त्या दिवसापासून मी घमेलं लावू लागलो. अक्कांनी ते पाहिलं.

"म्हंजी मी चोर न्हाय तर," त्या म्हणाल्या. "लई दिस डोळं लावून बसला हुता."

 पुढं मांजरीची हनुवटी भरली, नव्या मिशा फुटल्या. तरी अक्कांनी मांजरीला जवळ बोलावलं की माझं वाचन थांबे.

त्या परत निघाल्या तेव्हा गाडीत त्यांचं मोठं गाठोडं होतं. नीट ठेवण्याच्या निमित्तानं मी ते चाचपलं.

"गूळ हाय, दाजी," अक्का म्हणाल्या. "म्याव करत न्हाय."

मी हसलो. गाडी वळल्यावर मात्र आत जाऊन मांजरी आहे का ते पाहिलं.