पाद्र्याच्या खिशातली पांढरी पट्टी

मंदीच्या त्या वर्षी आखातात, दुबईच्या करामा भागातल्या उडपी हॉटेलात तो म्हातारा अमेरिकन रोज सकाळी माझ्या समोरच्या टेबलाशी बसायचा. दारातच गळ्यातली पांढरी पट्टी काढून खिशात घालायचा आणि मग इडली मागवायचा. वेटर म्हणाला, "एपिस्कोपल चर्चचा पाद्री आहे. शुक्रवारी बायबल शिकवतो."

मग पट्टी लपवतो कशाला? जाळं टाकायलाच! माझी नोकरी गेली होती आणि घरी सांगितलं नव्हतं. टाय बांधून, डबा घेऊन मी रोज इथे येऊन बसायचो. असली गिऱ्हाइकं यांना बरोबर सापडतात.

एके दिवशी तो माझ्याजवळ आलाच. आता पुस्तक काढणार, म्हणून मी 'नो थँक्स' तयार ठेवलं. तो हळूच म्हणाला, "पट्टी बघून लोक उठून जातात, म्हणून मी ती काढतो. तुम्हीही टाय काढा. गळ्यात ऑफिसचं कार्ड नाही, हे मला दिसतं, तर घरी दिसत नसेल?"

याला काय करायचंय, असं पुटपुटत मी तडक घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

"कार्ड दिसेना तेव्हाच कळलं," ती म्हणाली.

"मग रोज डबा का भरत होतीस?"

"तू टाय बांधत होतास म्हणून."