एक हजार त्रेचाळीस नंबरची पाखरं

संस्थेत तिला सगळे कुलूपताई म्हणतात. तिच्याकडे किल्ली मात्र एकही नाही. सगळे विभाग ज्या एका सर्व्हरवर आपापली गणितं करतात, त्यातल्या कुठल्या फोल्डरमध्ये कोणी शिरायचं, कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं, हे ती ठरवते. घरी नवरा भाजी चिरता चिरता विचारतो, "आज कोणाला हाकललंस?"

"कोणाला नाही. दोघांना आत घेतलं."

सकाळी ती यादी उघडते. काळ्या पडद्यावरून ओळी वर सरकतात आणि तिला वाटतं, आपण एका लांबच लांब घरातून अनवाणी चाललो आहोत. प्रत्येक ओळीत एक खोली. खोलीबाहेर मालकाचं नाव. "दोनच दिवस उघडं ठेवा हो, ताई," म्हणून उघडलेली दारं वर्षानुवर्षं वाऱ्यावर आपटत असतात. ती जाता जाता लोटून घेते.

काही खोल्यांबाहेर नाव नसतं, नुसता नंबर असतो. माणूस गेला, त्याचं खातं बंद केलं, की सर्व्हर त्याचं नाव विसरतो. नंबर तेवढा उरतो; मालक ओळखतो तो त्या नंबरावरूनच. अशा खोल्यांपाशी तिचं पाऊल उगाचच हळू पडतं.

एका दुपारी हवामान विभागातली नवी मुलगी तिच्या टेबलाशी आली. रुजू होऊन जेमतेम महिना झालेला.

"ताई, जागा संपलीय, जुन्या फायली काढा, असं तुमचंच पत्र आलं ना? मी माझ्या नावावरच्या शोधल्या. साडेनऊ हजार निघाल्या! सगळ्या पाखरांच्या."

"पाखरांच्या?"

"तळ्यावर किती बसली, किती उडाली. मी तर पावसाचं काम करते! एक वर्ष उडवून पाहिलं. कोणी ओरडलं नाही. म्हटलं, बाकीची उडवण्याआधी विचारावं."

कुलूपताईने शेजारची खुर्ची ओढली. "कशाला हात लावू नकोस. बस इथे."

ती पाखरं संस्थेतल्याच, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या पक्षीसरांच्या बायकोची होती. बाईंनी सव्वीस वर्षं रोज पहाटे तळ्याकाठी बसून ती मोजली होती. बाई वारल्यावर कुलूपताईनेच नियमाप्रमाणे खातं बंद केलं होतं. आणि गेल्या महिन्यात या मुलीचं खातं उघडताना, घाईत, पहिला रिकामा दिसलेला नंबर तिला दिला होता. एक हजार त्रेचाळीस. बाईंचा नंबर. त्या क्षणी सव्वीस वर्षांची पाखरं, कोणाला कळू न देता, या मुलीच्या फांदीवर येऊन बसली होती. दारं सगळी नीट लोटलेली. मालकच बदललेला.

पक्षीसर आता त्याच नोंदींवरून बाईंचं अर्धवट राहिलेलं पुस्तक पुरं करत होते. मोजणीची दुसरी प्रत त्यांच्याकडे नव्हती.

कुलूपताईने फोन उचलला. "सर, चूक झालीय. माझी. जरा येता का?"

सर आले. सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, नुसते खुर्चीत बसले. ते तिला जास्त लागलं.

"कुठलं वर्ष गेलं?"

"एकोणिसावं," मुलगी पुटपुटली.

"त्या वर्षी ती आजारी होती. तरी जायची."

संस्थेच्या जुन्या बॅकअप टेपवर प्रत होती. टेप चढवली. यंत्र बारीक कुरकुरत राहिलं, बाहेर ऊन भिंतीवरून उतरत गेलं. कुलूपताईला वाटलं, खोलीत पाणी साचत चाललंय, आणि लांबून काहीतरी पांढरं एकेक करून त्यावर उतरतंय. मग यंत्र थांबलं. तिने दिवस मोजले. तीनशे पासष्ट.

त्यानंतर तिने मुलीला नवा नंबर दिला, तिचा पाऊस तिच्यामागोमाग हलवला. आणि नियमात नव्हतं ते केलं. बाईंचं खातं पुन्हा उघडलं, त्याच नंबरावर. पासवर्ड ठेवलाच नाही. त्या दारातून आता कोणीच आत येणार नव्हतं. पण यादी पुन्हा उघडली तेव्हा साडेनऊ हजार ओळींवर नंबराच्या जागी बाईंचं नाव होतं.

सर चष्मा काढून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"मला काय करता येईल यात?" त्यांनी विचारलं.

"वाचता येईल, सर. सगळं." ती अडखळली. "लिहायची परवानगी मात्र कोणालाच ठेवली नाही. तुम्हालासुद्धा."

सर हसले. "बरोबर आहे. तिच्या वहीला तिने मला कधी पेन लावू दिलं नाही."