धागा काय इचारून तुटतोय?

अंबुबाईला येड्यात काढणारे लई हुते. काढू द्या! सांगोल्याकडची धनगरीण, लिवणं-वाचणं ठाऊक न्हाय, पण मोजण्यात तिचा हात धरणारा आमच्या मिलमदी कुणी न्हवता. मेंढरामागं एक खडा, ही तिची ल्हानपणापासनंची सवय.

आमी बाया वाइंडिंग खात्यात सूत कांड्यांवर भरायचो. छत्तीस साली आमच्यावरच्या मुकादमानं, जॉबर रावजीनं, तितं फळा लावला. एका तासात धाहाच्या वर धागे तुटले की त्या बाईची एक रेघ. तीन रेघा झाल्या की काम सुटलं. पोटुशी कमलम्माच्या दोन झाल्या. नवरा खोकून खोकून अंथरुणाला लागलेला, चूल हिच्यावर.

"धागा काय इचारून तुटतोय व्हय?" अंबुबाई भडकली.

मग तुटल्या धाग्यामागं एक खडा, आन् दर तासाचे खडे पदराच्या येगळ्या गाठीत, असं तिनं आठ दिस मोजलं. स्वताचे बी आन् कमलम्माचे बी. खात्यात सगळ्यात पटाईत हात अंबुबाईचा, तरी तिला एका तासाला दोन, म्होरल्याला अकरा, मग येक बी न्हाय! तिची बी रेघ पडलीच. कमलम्माचं बी तसंच वर-खाली, नशिबानं धाहाच्या आत. पर आठ दिसांचे खडे एकत्र केले, तर दोघींचे ढीग जवळजवळ सारखे.

"ह्यात हिचा गुन्हा कुटं हाय, दावा की," ती रावजीला म्हणली.

रावजी हसला. "आळशी हाताचीच सुतं तुटत्यात."

"मग बसा माज्या जागी. तीन तास."

समद्या बाया बगत हुत्या. मागं सरता येईना. बसला. पैल्या तासाला तीन तुटले. दुसऱ्याला एकच. गड्यानं मिशीला पीळ दिला. तिसऱ्याला बारा! अंबुबाईनं खडू उचलला. नाव लिवता येईना, म्हणून फळ्यावर त्याच्या पटक्याचं चित्र काढलं आन् म्होरं रेघ ओढली. आमी पोट धरून हसलो.

हसणं ऐकून खात्याचा वरचा साहेब, मास्तर, आला, फळा बगितला. म्हणाला, "कमलम्माच्या रेघा पुसा, ती ऱ्हाऊ दे. ही धनगरीण मातूर आत्ता भाईर!"

अंबुबाई मान खाली न घालता चालाय लागली. आन् तिच्या मागं सगळ्यात आदी कोण उठली? कमलम्मा! जड पोट सावरत. मग आमी बावीस जणी. समद्या चात्या बंद.

त्या तासाला आमच्या खात्यात येक बी धागा तुटला न्हाय. लिवा म्हणावं फळ्यावर!