तेल्हाऱ्याला आई जेवायला येते

"मावशी नवमीले येऊन राहिल्या. तुमीबी या."

तेल्हाऱ्याच्या मीनाचा हा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये पोह्यांत शेंगदाणे शोधत होते. मावशी म्हणजे माझी आई. आणि आईला जाऊन चार वर्षं झाली.

आई घरोघरी राहून आजारी माणसं सांभाळायची. अकोला, अमरावती, अकोट, जिथून बोलावणं येईल तिथे पिशवी घेऊन निघायची. अर्ध्या वऱ्हाडाची ती मावशी होती, आणि उरल्या वेळात माझी आई. मीना नऊ वर्षांची असताना तापानं लुळी पडली होती. ती पुन्हा चालायला लागेपर्यंत आई त्यांच्याकडेच राहिली. तेव्हा मला मीनाचा मनापासून राग यायचा, हे इथे सांगून टाकते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षातल्या अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात. त्या दिवसापुरती ती सवाष्ण म्हणजे गेलेली बाईच. मीना आमच्या नात्यातली नाही, गोतातली नाही, तरी दरवर्षी आईसाठी सवाष्ण बसवते. पण ही नवमी नवरा हयात असेपर्यंतच. तो गेला की बंद. आमचे बाबा यंदा चैत्रात गेले. भावानं सांगून टाकलं, "आता नवमी नाही." मीनाला यातलं काहीच माहीत नव्हतं. असलं फोनवर कसं सांगायचं? मी तिकीट काढलं.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी अकोला. अकोल्याच्या अलीकडे शेगावला डब्यात कचोरी येते. ती घ्या, पण दोनच, पुढे एसटी आहे. अकोल्याच्या स्टँडवरून अकोटमार्गे तेल्हारा, बायकांना अर्धं तिकीट आणि रस्त्याचे हिसके पूर्ण. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशीच्या पऱ्हाटीला पिवळी फुलं. पाण्याची बाटली अकोल्यातूनच भरून घ्या. हा खारपाणपट्टा आहे, इथे चहासुद्धा किंचित खारट लागतो.

शेजारच्या सीटवरची म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"तुमी मागच्या सालीबी याच गाडीनं आल्त्या ना?"

"नाही हो आजी, पहिल्यांदाच येतेय."

"आल्त्या," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आईचा चेहरा माझ्यात उतरलाय, असं सगळेच म्हणतात. पण मागच्या वर्षी आई कुठून येणार? मी मोबाईल काढला आणि उगाच जुने फोटो चाळत बसले.

तेल्हाऱ्यात रिक्षावाल्याला मीनाचं घर सांगितलं. तो म्हणाला, "तिकडं तं सकाळीच एक मावशी सोडली." कोण मावशी, ते मी विचारलं नाही. मीनाकडे तर त्या दिवशी कोणीच पाहुणं आलं नव्हतं.

मीना आता शाळेत शिकवते, एक पाय जरासा ओढत चालते. तिनं मला मिठी मारली आणि थेट मागच्या खोलीत नेलं. तिथे खाट घातलेली होती, धुतलेली चादर, उशाशी तांब्या. मला वाटलं, माझ्यासाठी.

"तुमची झोपायची सोय समोर हाय. हे मावशीचं. त्यायले उशी पातळ लागते ना."

आईला उशी खरंच पातळ लागायची. पंखा अगदी हळू फिरत होता आणि त्या रिकाम्या खाटेवरची चादर मधोमध जरा दबलेली होती. मांजर बसून गेलं असेल. त्या घरात मांजर आहे का, तेही मी विचारलं नाही. बाबांचं सांगायचं होतं, पण त्या खोलीत उभं राहून कसं सांगणार? जेवताना सांगू म्हटलं, जेवतानाही राहिलं.

नवमीला दुपारी सवाष्ण आली. कांताबाई, कापसाच्या जिनिंगजवळ राहणाऱ्या, आईला कधीच न पाहिलेल्या. त्यांचे यजमान अंगणात कडुनिंबाखाली बसले. मीनानं कांताबाईंचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओटी भरली आणि पाटावर बसवलं. वडे, कढी, गवारीची भाजी, तांदळाची खीर. वाढायला मीही होते.

खीर सकाळीच करून ठेवलेली, पार गार झालेली. कांताबाईंनी चमचा उचलला आणि त्यावर फुंकर घातली. एकदा, मग पुन्हा.

आयुष्यभर दुसऱ्यांना भरवून आईला ती सवयच लागली होती. दहीभातावरसुद्धा ती फुंकर घालायची, आणि आम्ही हसायचो. मी मीनाकडे पाहिलं. ती शांतपणे वाढत होती, दरवर्षी बघितल्यासारखी.

कांताबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "हे जेवले काय वं?"

आई असंच विचारायची. कुठल्याही गावाहून फोन केला तरी पहिला प्रश्न हाच. मी ताटासमोर खालीच बसले आणि म्हणाले, "हे गेले गं. चैत्रातच गेले."

कांताबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी विचारलं होतं ते अंगणातल्या नवऱ्याबद्दल! "कुंकू लावून बसवलं अन् असं अभद्र बोलून राहिली!" त्या पाटावरून उठल्याच. आरडाओरडा ऐकून यजमान दारात आले, हातात कढीचा द्रोण.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच!" कांताबाई ओरडल्या आणि रडायला लागल्या. यजमान बिचारे स्वतःकडेच बघत राहिले. मी पाया पडले, दहादा माफी मागितली, सगळं समजावून सांगितलं. शेवटी दोघंही हसले, पण कांताबाई जरा लांबूनच हसल्या. त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, खीर गरम लागली का?

"थंडगार तं होती."

"मग फुंकर कशाला घातलीत?"

"मी कायले फुकू?" त्या म्हणाल्या. त्यांना आठवतच नव्हतं.

आता घरात मी आणि मीना. ती भिंतीला टेकून बसली होती.

"म्हंजे आता मावशी येनार नाई?"

"तसा नियमच आहे."

"अन् त्यायले कोन सांगनार? पुढच्या साली दारात येतीन अन् पाट नाई पाहून वापस जातीन. कोनाकडं?"

आईला वाटेला लावायला मी आले होते आणि लावूनही बसले होते. संध्याकाळी मीनानं मागच्या खोलीतली खाट उभी करून ठेवली. सकाळी मला सोडायला ती स्टँडवर आली नाही.

सुट्टी होती म्हणून अकोट, परतवाडा करत चिखलदऱ्याला गेले. घाटात धुकं इतकं, की ड्रायव्हरनं दिवसाढवळ्या दिवे लावले. वर इथलीच कॉफी मिळते, ती नक्की प्या. मुक्काम करायचा तर शनिवार-रविवार टाळा. पॉइंटवरून मला दरी काही दिसली नाही, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात कोणीतरी बाई कोणाला तरी "सांभाळून ये" म्हणत होती, आणि मी वळून वळून बघत होते. अमरावतीला गिला वडा खाल्ला, दही-कढीतला. चवीला उत्तम असणार. मला काही कळली नाही.

पुण्यात आल्यावर सगळे विचारत होते, ट्रिप कशी झाली. छान झाली, असं सांगत होते. खरं तर माझ्याबरोबर एकच गोष्ट घरी आली होती: आपण कोणाला तरी उंबऱ्यावर उभं ठेवून आलोय, ही भावना. आई हयातभर दुसऱ्यांच्या घरी राहिली, आणि तिला परत यायला उरलेलं एकुलतं एक घरही मीच बंद केलं, असं वाटायचं.

सर्वपित्री अमावस्येला दुपारी फोन वाजला. मीना. मागे भांड्यांचा आवाज.

"ताई, नवमी नाई तं नाई. आज तं साऱ्यायचंच अस्ते ना? दोन पानं मांडली. मावशी एकट्या काहून येतीन आता?"

मी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"आयका ना, तुमचे बाबा कढी घेतात काय? मावशीले विचारलं तं म्हने, लेकीले विचार."

मी डोळे पुसले आणि म्हणाले, "नाही गं, बाबा कढी घेत नाहीत. त्यांना ताक दे, मीठ न घालता."