रोहिणीच्या ड्रमपुढे नथ्थूनाना

सोनगीरचे नथ्थूनाना तांबट नुसत्या ठोक्यांवरून भांडं कुणाच्या हातचं ते सांगत. पण पोरीच्या नव्या रेकॉर्डनं त्यांची पार भंबेरी उडवली. हार्डकोर पंक म्हणजे रॉकमधला सगळ्यात धडाक्याचा, आरडाओरड्याचा प्रकार, त्यात हेवी मेटल संगीताचा भरणा, आणि ड्रमवर खुद्द रोहिणी! ती आपली बापाच्या तोंडाकडे बघत बसलेली, काय म्हणतात म्हणून. आधी ठोके सुसाट, मग एकदम संथ नि जड.

“तुना हात थकना का वं?”

“नही नाना, मुद्दाम करेल शे.”

मुद्दाम? नानांनी हातोडी उचलून समोरच्या हंड्यावर तसंच करून पाहिलं. वेग उतरवताना हात चुकला, हंड्याला पोचा आला.

“माले जमत नही,” नाना पुटपुटले. “परत लाव.”

रोहिणीचे डोळे भरून आले, तसे नाना आणखीच गोंधळले. गल्लीत मात्र लगेच बोभाटा झालाच: नानांनी पोरीला रडवलं!