बॉनेटखालचे कणकेचे गोळे

वेल्डिंगने बाबांचे डोळे सुजले की आई त्यांच्या पापण्यांवर बटाट्याच्या गार चकत्या ठेवायची. तासाभराने त्याच चकत्या धुऊन त्यांची भाजी व्हायची. आम्ही दोघी बहिणी हे बघायचो आणि तरी जेवायचो. बाबा रांझीकडच्या एका ट्रकच्या फॅक्टरीत ठेकेदाराच्या हाताखाली होते. काम कमी झालं की ठेकेदार महिना-महिना घरी बसवायचा, आणि त्या दिवसांत बटाटा टाकून देणं आम्हाला परवडत नव्हतं.

सव्वीस वर्षं बाबांनी ट्रकचं डावं दार केलं. फक्त डावं. उजवं दुसऱ्या टोळीकडे, बॉनेट तिसऱ्या. रस्त्यात ट्रक दिसला की म्हणायचे, दार माझं, बाकीचं कोणाचं कोण जाणे. हसतच म्हणायचे. पण एकदा आईला सांगत होते की मरायच्या आधी एक गाडी पुरी आपल्या हातची करून पाहायची आहे. ते मी ऐकलं होतं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी बिनदिक्कत सांगते. आता एका खाजगी कॉलेजात शिकवते. विजय नगरला आमचं स्वतःचं घर आहे. त्याच्या पार्किंगमध्ये दीड वर्षं कोणाची स्कूटरसुद्धा लागली नाही, कारण तिथे बाबा आणि मी गाडी बनवत होतो.

दोन माणसांची, बुटकी, वरून उघडी स्पोर्ट्स कार. इंजिन एका अपघातात चेपलेल्या गाडीचं. सांगाडा बाबांनी वेल्ड केला, आणि तो पुरा होतो न होतो तोच डॉक्टरांनी सांगितलं की आता डोळ्यांसमोर ठिणगी नको. वेल्डिंग बंद. राहिला वरचा पत्रा. तो मी कॉम्प्युटरवर काढायचा आणि बाबांनी वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने वळवायचा, असं चाललं होतं. शेजारचे भैया फाटकाशी थांबून रोज विचारायचे, "अंकलजी, ये नाव कब तैरेगी?" बाबा म्हणायचे, "आप जाके नर्मदाजी में पानी देख आओ."

बॉनेट शेवटी घेतलं. मला गाडीचं नाक खाली झुकलेलं हवं होतं, म्हणून इंजिनाच्या वर मी एक बोट जागा सोडली. बाबांनी विचारलं, "एकच बोट? काहून?" मी म्हटलं, माप बरोबर आहे, फाइलमध्ये बघा. बाबा फाइल बघत नाहीत. मुलगी शिकली आहे एवढं त्यांना पुरतं. त्यांनी हातोडा उचलला.

सात आठवड्यांनी बॉनेट बसलं, आणि इतकं देखणं बसलं की आई हात पुसत बाहेर आली. मी इंजिन चालू केलं. ठीक. रेस दिली आणि आतून ठण्ण. पुन्हा दिली, पुन्हा ठण्ण. उजव्या कोपऱ्यात पत्र्याला आतून टेंगूळ आलं होतं.

इंजिन रबराच्या पायांवर बसतं आणि रेस दिली की एका बाजूने उचलतं. हे मी वर्गात शिकवते. आणि मापं घेतली होती बंद इंजिनाची. जन्मभर दारं करणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं.

मी सुचवलं की तिथे भोक पाडू आणि वर तयार टोपी वेल्ड करून घेऊ, बाजारात मिळते. बाबांनी त्या टेंगळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "टोपी दुसऱ्याची, वेल्डिंग दुसऱ्याचं. मग माझं काय राहिलं, बेटा?"

दुसरा मार्ग एकच होता. त्याच पत्र्याला आतून ठोकत ताणायचं आणि तेवढी जागा वर उचलायची. पण ताणलेला पत्रा पातळ होतो, आणि फाटला की वेल्डिंगशिवाय सांधत नाही. नवं बॉनेट करण्याइतकी नजर बाबांकडे उरली होती का, हे घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. त्यामुळे नेमकं कुठे आणि किती उचलायचं, ते आधी कळायला हवं होतं. बंद बॉनेटच्या आत बघणार कसं? मी मोबाइल आत ठेवून शूटिंग केलं. काळोख आणि थरथर, बाकी काही नाही.

तोडगा आईने काढला. परातच घेऊन आली. "कणकेचे गोळे ठेवा न इंजिनावर, आणि झाका. लागते तिथं दबतील."

घाईत आम्ही गरम इंजिनावरच गोळे मांडले. रेस देऊन उघडलं तर ते खालून निखाऱ्यावरच्या बाट्यांसारखे भाजून निघाले होते. आई वाकून म्हणाली, "चलो, गक्कड तर झाले. भरत्याचं वांगं पण ठेवू काय?" बाबा इतके हसले की त्यांना स्टूल द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर, गोळ्यांना तेलाचा हात लावून पुन्हा मांडणी केली. बाबा बॉनेटवर तळवा टेकून उभे. मी रेस देताना कचरले तर म्हणाले, "काहून थांबून राहिली? दे." उघडलं तेव्हा बाकीचे गोळे जाडजूड होते, उजव्या कोपऱ्यातला एकच मधोमध फाटला होता. मी त्या जागेभोवती खडूने खूण केली. पंजाएवढी जागा होती.

पुढचे अकरा दिवस बाबा ठोकत होते. चार घाव घालायचे, डोळे मिटायचे, तळव्याने पत्रा चाचपायचा. मी पिशवी धरायची. अकराव्या दिवशी त्यांनी हातोडा खाली ठेवला. माझ्या हिशेबाने अजून दोन मिलिमीटर हवे होते, तसं मी म्हटलंही. ते म्हणाले, "आवाज बदलला. आता मारला तर फाटते."

या वेळी मी फाइल उघडली नाही. कणीक लावली, झाकलं, पूर्ण रेस दिली. आतून आवाज आला नाही. उजव्या कोपऱ्यातला गोळा पुरीएवढा जाड निघाला, आणि आख्खा.

अशी घरी केलेली, बिननोंदणीची गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून ती टेम्पोत घालून पनागरच्या पुढे ओळखीच्या एका शेतावर नेली. तिथल्या सरळ कच्च्या वाटेवर बाबांनी ती चालवली. मी शेजारी बसले होते, आई बांधावर उभी होती. तीन फेऱ्या झाल्या. बॉनेट एका पत्र्याचं आहे, त्याला भोक नाही की टाका नाही. बाबांनी एक गाडी पुरी केली आणि ती चालते.