फिलूमावशीची मापं

फिलूमावशीबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण चार ओळी लिहिता येतात म्हणून कुणाबद्दलही लिहावं असं मला वाटत नाही. शिवाय तिचं जे नुकसान झालं ते माझ्या हातून झालं. तिच्या ओळखीच्या माणसांनी हे वाचून मला बोल लावला तर तो मी ऐकून घेईन. पण ज्यांनी तिला पाहिलंच नाही, त्यांना ती कशी होती हे कुणीतरी सांगायला हवं.

मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठी तिची मसाला कांडपाची गिरणी होती. बायका उन्हाळ्यात वर्षाच्या मिरच्या घेऊन यायच्या. जिन्नस तागडीत घालायची वेळ आली की फिलूमावशी सगळ्यांना बाहेर काढायची आणि दार लोटून घ्यायची. ज्या घराचा मसाला, त्या घरची बाई तेवढी आत. आमच्याकडे प्रत्येक घराचा मसाला वेगळा असतो. मिरची किती, धने किती, दगडफूल किती, तिरफळ घालायचं की नाही, हे सासूकडून सुनेकडे येतं. फिलूमावशी त्याला नुसतं 'माप' म्हणायची. हिंदूंची घरं असोत की तिच्यासारखी ख्रिश्चनांची, सगळी मापं तिला तोंडपाठ होती, आणि बऱ्याच बायकांनी ती लक्षात ठेवणं तिच्यावरच सोडलं होतं. एका घराचं माप दुसऱ्या घराला तिने कधी सांगितलं नाही. कुणी फार मागे लागलं तर म्हणायची, "तुझा माप मी कोणाक सांगलंय काय? मगे तेंचा तुका कसा सांगू?"

माझी आई तिच्याकडे मिरच्यांचे देठ काढायला जायची. मी कॉम्प्युटर शिकतोय हे आईकडून कळल्यावर मावशीने मला बोलावून घेतलं. तिचा मुलगा सायमन गोव्यात हॉटेलात नोकरीला होता आणि दर रविवारी यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईचे गुडघे गेलेत, उन्हाळ्यात मुंबईहून सारखे फोन येतात, तिखटाच्या हाताने ती फोन उचलू शकत नाही. तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं द्यायला एआय लावू, मापंही त्यात भरून ठेवू. गिरणी चालू ठेवायची असेल तर हेच करायला लागेल, असं त्याने दोनतीनदा सांगितलं. मावशी ऐकत होती. शेवटी म्हणाली, आधी त्याला विचारून बघूया, मग ठरवूया.

तिने त्याची परीक्षा घेतली. तीनचार रविवार घेतली. ती मालवणीत विचारायची आणि मी टाइप करायचो. घरात बाळंतीण असेल तर मसाल्यात काय कमी करायचं, असं तिने विचारलं. त्याने दहा मुद्दे दिले आणि पहिला मुद्दा डॉक्टरांचा सल्ला घ्या हा होता. मावशी म्हणाली, "शिकलेलो आसा, पण घाबरट आसा." तेव्हापासून तिने त्याचं नावच 'तुझो शिकलेलो' असं ठेवलं. मिरची दमट लागली तर काय करायचं, यावर त्याने ओव्हन सांगितला. त्यावर तिने मला अंगणात नेलं, वर बोट दाखवलं आणि म्हणाली, त्याला सांग, हा आमचा ओव्हन. पण मुंबईच्या एका बाईंना त्याने लिहिलेलं उत्तर मी वाचून दाखवलं तेव्हा तिने ते पुन्हा वाचायला लावलं. नंतर म्हणाली, आपण एवढ्या रीतीने बोललो नसतो.

तिचा निर्णय मात्र होत नव्हता. तो झाला एका दुपारी. तिने मला पोतं उचलायला आत बोलावलं होतं. हातात दगडफूल घेऊन ती तागडीपाशी उभी होती. बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं, हे कुठल्या घरचं पोतं. मी सांगितलं. तरी ती तशीच उभी. मग हळू आवाजात म्हणाली, "लाइट गेली म्हणान सांग तिका. उद्या येवंदे." आत बोलावण्याची वाट बघत बाहेर बसलेल्या त्या घरच्या बाईंना मी तसं सांगितलं. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

त्या संध्याकाळी मावशीने मापं सांगायला सुरुवात केली. सगळी सांगून व्हायला आठवडा लागला. दार लोटून ती एकेका घराचं सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. ही सगळी फोनवरच्या त्या शिकलेल्याला देणार ना, असं तिने मध्येच विचारलं. मी हो म्हटलं. घरच्या माणसाने विचारलं तरच तो सांगेल, बाहेरच्याला सांगणार नाही, तसं मी त्याला बजावून ठेवलंय, असंही म्हटलं. ती थांबली.

"तेका सांगलेला तां पुढे खंय जाता?"

"खंयच नाय," मी म्हटलं.

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. तोवर भरलेल्या मापांवर मी दोनदा एका घरचा म्हणून दुसऱ्या घराचं माप मागून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने नकार दिला होता. एवढ्यावर मी बोललो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं माप सांगायला घेतलं.

वरच्या वाडीत परबांचं घर आहे. दोन भाऊ वेगळे झाले, मधे दगडांचा गडगा घातला, चुली दोन झाल्या. सासूचं माप थोरलीकडे राहिलं. धाकटीने ते फिलूमावशीकडे कितीतरी वेळा मागितलं होतं आणि मावशीने दर वेळी नाही म्हटलं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत. म्हणूनच कदाचित धाकटीला सांगायचं नाही हे मी कुठे लिहिलं नाही. माझ्या यादीत 'परब, वरची वाडी' अशी एकच ओळ होती. तो उत्तरं द्यायला लागल्यावर धाकटीने एक दिवस गिरणीच्या फोनवर लिहिलं, मी वरच्या वाडीतली परब, आमच्या घरच्या मसाल्याचं माप पाठवा. त्याने पाठवलं, तिरफळांच्या संख्येसकट, आणि खाली आभार मानले.

आम्हाला पत्ताच नव्हता. काही दिवसांनी धाकटीकडे पूजा होती. दोन्ही घरांत बोलणं नसलं तरी पूजेला जाणं होतं. थोरली पंगतीत बसली आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा पहिला घास तिने घेतला. शेजारी बसलेली माझी आई सांगते, तिने घास गिळला, पानात पाणी सोडलं आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणीत आली. मी तिथेच होतो. ओरडली नाही. म्हणाली, "फिलूबाये, माझ्या सासयेचा माप दुसऱ्या चुलीर कसा गेला?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. मी तोंड उघडणार एवढ्यात ती म्हणाली, "माझ्याकडसून गेला."

माझं किंवा यंत्राचं नाव तिने घेतलं नाही. थोरली कोपऱ्यातलं तिचं मिरच्यांचं पोतं स्वतः ओढत बाहेर घेऊन गेली. मावशीने मला खुणेने थांबवलं, मदत करू दिली नाही. दुपारी मावशी थोरलीच्या घरी गेली, पडवीत बसून आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही.

मी त्याच दिवशी सगळी मापं फोनवरून काढून टाकली. मावशी बाजूला उभी होती. म्हणाली, "आता तेच्याकडसून गेला मां?"

"माका म्हायत नाय, मावशी."

"आता खरा बोललंस," ती म्हणाली आणि मिरच्या वाळवायला अंगणात गेली.

सायमनला वाटलं ती सगळंच बंद करेल. तिने तसं केलं नाही. गिरणी कुठल्या वारी बंद असते, मिरची कधी आणायची, पार्सल निघालं की नाही, एवढं त्याला सांगू दे म्हणाली. तो गरीब आहे, त्याला जे दिलं ते त्याने दिलं, त्याचा काय दोष, असंही म्हणाली. माझा दोष आहे असं ती कधी म्हणाली नाही. पण बायकांचं येणं कमी झालं. ज्या आल्या त्या मिरच्या घरीच जिन्नस घालून आणू लागल्या, नुसत्या कांडायला. तरी मावशी सवयीने दार लोटून घ्यायची. आत काही गुपित नसायचं.

पुढे मी शिकायला कोल्हापूरला गेलो. जाताना तिला भेटलो, तिने खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. फोन करीन म्हणालो आणि केला नाही. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

ती गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. माझी परीक्षा होती म्हणून आईने आधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं नाही. मी हॉस्टेलच्या जिन्यात उभा होतो आणि आई फोनवर सांगत होती ते ऐकत होतो. शेवटच्या दोन महिन्यांत मावशीने एकेका घरच्या बाईला बोलावून घेतलं. दार लोटून ज्याचं त्याचं माप परत सांगितलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. काही मापं तिला अर्धीच आठवली, तर तेवढी सांगून उरलेल्याबद्दल तिने क्षमा मागितली. वाडीतल्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या, पण परबांची थोरली आली नाही म्हणून तिच्या घरी सायमनच्या हाताला धरून गेली. थोरलीने तिला चहा दिला. आमच्याही घराचं माप तिने आईला सांगितलं. आईला लिहिता येत नाही, म्हणून तिच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं.

मी आईला विचारलं, आमचं माप काय.

ती म्हणाली, "माका पाठ आसा. तू घराक ये, मगे सांगतंय. फोनार नको."